नवऱ्याची श्रद्धा परत आणता येईल का?

पत्र:

ताई,

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. दोघांच्या घरी एकच धर्म, एकच उपासना. लग्नानंतर पहिली काही वर्षं तर नवरा माझ्यापेक्षाही नेमाने प्रार्थनेला बसायचा. गेल्या तीन-चार वर्षांत ते कमी होत गेलं आणि एक दिवस त्याने सांगून टाकलं, ‘माझा आता विश्वास राहिलेला नाही.’ घरात कोणी गेलं नाही, काही संकट आलं नाही, वाईट संगत म्हणावी तर तीही नाही. कारण विचारलं तर म्हणतो, ‘एक कारण असतं तर सांगितलं असतं. हळूहळू गेला.’

मी त्याला म्हटलं, माझ्यासाठी सहा महिने मनापासून प्रयत्न कर. तो रोज माझ्या शेजारी बसला. एक दिवस चुकवला नाही. आणि सहा महिन्यांनी म्हणाला, ‘मी तुझ्यासाठी बसतो, पण ज्याच्याशी बोलायचं तो समोर आहे असं मला वाटतच नाही.’ ते मला फार लागलं. माणसाने ठरवलं तर काय होत नाही? याला ठरवायचंच नाही, असं मला वाटतं.

माझे मामा म्हणतात, रोज बसवत राहा, सवयीने येईल. आत्ता ढील दिलीस तर मुलगीही हातची जाईल. मैत्रीण म्हणते, श्रद्धा ज्याची त्याची, तू त्यात पडूच नकोस. पण ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याच्या मनातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीत मी नाही पडायचं तर कोणी पडायचं? रात्री भीती वाटते की मेल्यानंतर आम्ही दोघं एका ठिकाणी नसू. माझ्याच भक्तीत काही कमी पडलं का?

मुलगी नऊ वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, ‘बाबा डोळे मिटून काय करतात? ते तर प्रार्थना करत नाहीत ना?’ मी तिला गप्प बसवलं.

– एक वाचक

उत्तर:

तुमचा धर्म कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मलाही ते विचारायचं नाही. हा पेच सगळीकडे सारखाच आहे.

तुमच्या भक्तीत काही कमी पडलं का, हे आधी संपवून टाकू. नाही पडलं. एकाच्या प्रार्थनेतलं उणं दुसऱ्याच्या मनातून वजा होत नसतं. हा विचार पुन्हा मनात आला तर त्याला चहापाणी विचारू नका.

आता ‘ठरवलं तर काय होत नाही?’ याकडे येते, कारण बाकी सगळा ताण त्या एका वाक्यावर लटकलेला आहे. एक करून पाहा. आज रात्री घर निजलं की शांत बसा आणि झोप येईपर्यंत देव नाही असं माना. नुसतं तोंडाने म्हणायचं नाही, ‘नसता तर कसं झालं असतं’ अशी कल्पनाही करायची नाही. आतून, खरोखर मानायचं. सकाळी वाटलं तर पुन्हा पहिल्यासारखं मानायला लागा. हे वाचतानाच तुम्हाला राग आला असेल, पण राग बाजूला ठेवून सांगा, जमेल? त्या बदल्यात कोणी काहीही देऊ केलं तरी जमेल? नास्तिक असल्याचं सोंग तासभर वठवता येईल. पण देव आहे असं तुम्हाला जे दिसतं, ते दिसणं ठरवून बंद करता यायचं नाही. तुमचा निश्चय कमी पडतो म्हणून हे होत नाही, असं कोणी म्हणणार नाही. मग सहा महिने एकही दिवस न चुकवता बसलेल्या माणसाचा निश्चय कमी पडला, असं आपण का म्हणावं?

पहाटे उठायचं ठरवता येतं, व्यसन सोडायचं ठरवता येतं, रागावर ताबा ठेवायचा ठरवता येतं. त्या कृती आहेत. एखादी गोष्ट खरी वाटणं ही कृती नाही. आपल्यासमोर जे आलं, जे भोगलं, ज्याचा विचार केला, त्या सगळ्यातून ते आपोआप साचत जातं. तुमचा विश्वासही असाच साचलेला आहे. तुम्ही तो एका सकाळी उठून निवडला नव्हता. लहानपणापासून तो तुमच्यात मुरत गेला आणि पुढे आयुष्यात तुम्हाला त्याची प्रचिती येत राहिली. त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. पण ‘मी निवडला, तू निवडत नाहीस’ असा हिशोब मात्र मांडता येत नाही.

म्हणजे माणसाच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि थोडंथोडकं नाही. झोप आणू म्हणून आणता येत नाही, पण अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो. तसंच इथे. काय वाचायचं, कोणाच्या सहवासात राहायचं, कोणता प्रश्न धरून बसायचा आणि कोणता टाळायचा, आलेल्या शंकेकडे प्रामाणिकपणे पाहायचं की तिच्यावर झाकण ठेवायचं, हे आपल्या हातात असतं. आणि जे हातात असतं त्याचा जाब विचारता येतो.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण रचलं होतं. जहाज जुनं झालेलं, डागडुजीला आलेलं, परदेशी निघालेली कुटुंबं त्यातून जाणार. मालकाच्या मनात शंका येते. पण दुरुस्तीला खर्च फार. मग तो स्वतःची समजूत घालतो की एवढ्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, देव निघालेल्यांची काळजी घेईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे, आणि त्याचा विश्वास खरा होता ही सबब चालणार नाही, कारण तो त्याने शंका दाबून कमावला होता. पुढे तो असंही म्हणतो की जहाज बुडालं नसतं तरी दोष तेवढाच. क्लिफर्डचा रोख श्रद्धाळूंवर होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण मला हे उदाहरण दोन्हीकडे लागू वाटतं. अविश्वासही आळसाने, फुशारकीने किंवा चारचौघांत हुशार दिसायला धरलेला असू शकतो. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत तसं दिसत नाही. आळशी माणूस सहा महिने बसत नाही आणि फुशारकी मारणारा बायकोला इतकं सांभाळून सांगत नाही. त्याच्या हातात होतं ते त्याने केलं. फळ हाती लागलं नाही एवढंच.

मामांचा उपाय जुना आहे. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये गेला; त्याची टिपणं १६७० मध्ये छापली गेली. त्यांत देव असण्यावर पैज लावलेली बरी, असा त्याचा प्रसिद्ध युक्तिवाद आहे: जिंकलात तर अनंत लाभ, हरलात तर गमावण्यासारखं फारसं काही नाही. याची चर्चा नेहमी होते. पुढची ओळ कमी लोक वाचतात. समोरचा माणूस पास्कलला म्हणतो की माझी घडणच अशी आहे की मला विश्वास ठेवता येत नाही, मग मी काय करू? म्हणजे तुमच्या नवऱ्याचंच वाक्य. पास्कलने त्याला ‘ठरव’ असं सांगितलं नाही. ठरवून होत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने सांगितलं, विश्वास असलेले लोक वागतात तसं वाग, ते करतात ते विधी कर, हळूहळू मन वळेल.

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. रोजच्या आचाराने मन मऊ होतं, कडा झिजतात, पूर्वी परकं वाटणारं आपलं वाटू लागतं. पण पास्कल ज्याच्याशी बोलत होता त्या माणसाला स्वतःला विश्वास हवा होता. त्याला धरून बसवलेलं नव्हतं. दुसरी अडचण अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्सने १८९६ मध्ये दाखवली. तो स्वतः श्रद्धेच्या बाजूने बोलायला उभा राहिला होता, तरी म्हणाला की असा हिशोबी विश्वास आतून पोकळ असतो, आणि देवाच्या जागी आपण असतो तर याच मंडळींना बक्षिसातून वगळण्यात आपल्याला विशेष आनंद झाला असता! तो असंही म्हणाला की ज्या माणसाला एखादी शक्यता मुळात जिवंतच वाटत नाही, त्याच्यापुढे ती पैज म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्या नवऱ्यासाठी ती शक्यता आज जिवंत आहे की नाही, ते तोच सांगू शकेल.

मामांच्या बोलण्यात सवयीपेक्षा ‘बसवत राहा’ हे मला जास्त खटकलं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये लिहिलं की राजाला धर्माच्या बाबतीत सक्ती करण्याचा अधिकार नाही, कारण दंड, तुरुंग, मालमत्तेची जप्ती, यातलं काहीही माणसाच्या बुद्धीला एखादी गोष्ट पटवू शकत नाही. पुढच्याच वर्षी जोनास प्रोस्ट नावाच्या पाद्र्याने त्याला गाठलं. त्याचं म्हणणं, सक्तीने विश्वास थेट येत नसेलही, पण माणूस ज्या गोष्टीचा विचारच करायला तयार नाही त्याचा विचार करायला सक्ती लावू शकते. पुढचं काम विचार करेल. युक्तिवाद कच्चा नाही आणि लॉकला त्यावर पुढे बरीच पानं खर्ची घालावी लागली. मला मात्र त्यात एक साधा प्रश्न अडतो. विचार पुरेसा झाला हे कोण ठरवणार? तुमच्या घरापुरतं बोलायचं तर सहा महिने पुरेसे नव्हते. मग किती? वर्ष? की त्याने ‘हो, आला विश्वास’ म्हणेपर्यंत? तसं असेल तर एक दिवस तो म्हणून टाकेल. तुमच्यावर त्याचं प्रेम आहे, म्हणूनच म्हणेल. मग तुमच्या शेजारी रोज एक खोटं बोलणारा माणूस बसलेला असेल आणि ते तुम्हाला कळत असेल. आज तो निदान तुमच्याशी खरं बोलतोय.

मामांना माझं म्हणणं पटणार नाही. त्यांच्यासाठी तुमच्या बाजूचेच साक्षीदार देते. गीतेत अठरा अध्याय उपदेश झाल्यावर शेवटी श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात धर्मात जबरदस्ती नाही असं स्पष्ट वचन आहे. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, श्रद्धेची कृती मुळातच मुक्त असते असं जाहीर केलं. या धर्मांच्या लोकांनी इतिहासात नेहमी तसंच वागून दाखवलं, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण बळजबरीने वाकवलेलं डोकं देवाला पोचतं, असं मोठ्या परंपरांचं स्वतःचं म्हणणंही नाही.

नवऱ्याच्या एका वाक्याकडे पुन्हा पाहू. ‘समोर कोणी आहे असं वाटत नाही,’ असं तो म्हणाला. याचे दोन अर्थ होतात आणि त्यांत बरंच अंतर आहे. एक, देव आहे हे त्याला अजून पटतं, पण जवळ वाटत नाही. दोन, त्याला ते पटतच नाही. पहिलं अनुभवणारे श्रद्धाळू पुष्कळ होऊन गेले. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, पुस्तकरूपाने आली तेव्हा लोक चकित झाले, कारण जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. त्यांनी ते आपल्या धर्मगुरूंना लिहून कळवलं आणि काम तसंच चालू ठेवलं. आपल्याकडे तुकोबांनी तर एका अभंगात ‘माझ्या लेखी देव मेला’ असंच म्हणून टाकलं आहे. भांडायला कोणीतरी आहे असं वाटतं तोवर भांडण होतं, हे त्यात आलंच.

तुमच्या नवऱ्याचं यातलं कोणतं, हे त्याला विचारलंय का? पत्रावरून तरी वाटतं की तुम्ही ‘का’ विचारलंत, ‘कधीपासून’ विचारलंत, ‘अजून प्रयत्न कर’ म्हणालात. नेमकं काय गेलं, हे विचारायचं राहिलं असावं. विचारा. मात्र उत्तर दुसरं आलं तर मदर तेरेसा टिकल्या, तू का नाही, अशी पट्टी घेऊन बसू नका. पटत असूनही कोरडेपणा सोसणं वेगळं आणि पटणंच थांबणं वेगळं. दुसऱ्या माणसाला पहिल्याचं उदाहरण देऊन काही मिळत नाही, नुसती शरम मिळते.

आता मैत्रीण. ‘श्रद्धा ज्याची त्याची’ हे वाक्य खोटं नाही, पण तिने ते जिथे लावलं तिथे ते बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे आणि त्यात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्यही स्पष्ट लिहिलेलं आहे. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात, पुन्हा अठराव्याच कलमात, आणखी एक भेद केला आहे. श्रद्धा बाहेर प्रकट करण्यावर कायद्याने, ठरावीक कारणांसाठी, मर्यादा घालता येतात. ती मनात बाळगण्यावर मात्र नाही. म्हणजे मनाच्या त्या खोलीत कोणत्याही सरकारला शिरता येत नाही. हे फार मोठं संरक्षण आहे आणि माणसांनी ते रक्त सांडून मिळवलं आहे.

पण ते सत्तेविरुद्ध आहे, जातभाईंविरुद्ध आहे, मामांविरुद्धही म्हणा हवं तर. जिच्यासोबत घर चालवायचं, मूल वाढवायचं, तिने नवऱ्याच्या मनाची चौकशीच करू नये, असं त्यात कुठे नाही. नवऱ्याचा विश्वास तुमच्या हुकमाबाहेरचा आहे. तुमच्या काळजीबाहेरचा नाही. तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत. प्रयत्नाला परीक्षेचं रूप दिलंत, मुदत घातलीत आणि निकाल आल्यावर त्याला नापास केलंत, तिथे गाडी घसरली.

याच पेचातून गेलेलं एक जोडपं मला राहून राहून आठवतं. चार्ल्स डार्विन आणि एमा. १८३८ मध्ये लग्न ठरलं तेव्हा चार्ल्सच्या मनात धर्माविषयी शंका होत्या. त्याच्या वडिलांनी सल्ला दिला होता की असल्या शंका बायकोपासून लपवून ठेवाव्यात. त्याने ऐकलं नाही, तिला सांगून टाकलं. एमा श्रद्धाळू होती. लग्न झालं १८३९ च्या जानेवारीत आणि त्यानंतर लवकरच तिने त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहत असून पत्र, कारण बोलताना जे निसटतं ते लिहिताना नीट मांडता येतं असं तिला वाटलं. त्यात तिने आपली काळजी लपवली नाही. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही, ही विज्ञानातली सवय ज्या गोष्टी तशा सिद्ध करता येत नाहीत त्यांनाही तू लावत नाहीस ना, असं विचारलं. पण त्याआधी तिने हे लिहिलं की तू प्रामाणिकपणे, सत्य शोधायच्या इच्छेने वागतो आहेस तोवर तू चुकूच शकत नाहीस, अशी माझी भावना राहावी असं मला वाटतं. आणि शेवटाकडे, तुमचंच वाक्य: तुझ्याशी संबंधित प्रत्येक गोष्ट माझ्याशी संबंधित आहे, आणि आपण कायमचे एकमेकांचे नाही असं मला वाटलं तर मी फार दुःखी होईन.

तिचं पत्र वाचून चार्ल्सचा विश्वास परत आला का? नाही. उलट पुढे तो हळूहळू पुरता गेला. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली, तो घाव दोघांनी सोसला. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो म्हणतो की अविश्वास अगदी संथ गतीने माझ्यात शिरत गेला, इतका संथ की त्याचा त्रासही झाला नाही. तुमचा नवरा ‘हळूहळू गेला’ म्हणतो, ते हेच. पण एमाचं ते पत्र त्याने जन्मभर जपलं. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे की मी मेल्यावर तुला कळू दे, मी हे कितीदा तरी ओठांशी धरून रडलो आहे.

रविवारी बायको-मुलं चर्चमध्ये जात, तो बाहेर फिरायला जाई. गावच्या पाद्र्याशी त्याची चांगली मैत्री होती. हे सगळं गोडीगुलाबीने निभावलं असंही नाही. तो गेल्यावर १८८७ मध्ये आत्मचरित्र छापताना धर्मावरचे काही तिखट परिच्छेद एमाच्या आग्रहामुळे वगळले गेले. त्यांच्या नातीने ते परत घातले १९५८ मध्ये. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतरही दोघांचं त्या एका विषयावर एकमत नव्हतं, आणि एमाला त्याची काही वाक्यं शेवटपर्यंत टोचत होती. मला ही गोष्ट त्यामुळेच खरी वाटते.

मेल्यानंतर तुम्ही एका ठिकाणी असाल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते असल्याचा आव मी आणणार नाही. तुमच्याच परंपरेतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला, मामांसारख्या घाई करणाऱ्याशी नको. बोलताना एक नक्की विचारा: माणसाच्या मनात काय होतं याचा निवाडा आपला धर्म कोणाकडे देतो? बहुतेक ठिकाणी तो देवाकडे दिलेला सापडेल. तसं असेल तर रात्री जागून तुम्ही जो खटला चालवताय, त्यातल्या न्यायाधीशाच्या खुर्चीवरून तुम्हाला उठायची मुभा आहे.

घरात काय करायचं? रोजचं बसणं आजपासून थांबवा, पण रुसून नको. ‘तू केलंस ते मला दिसलं, आता बस कर,’ असं सांगून. कदाचित तो तरीही कधीमधी शेजारी येऊन बसेल. बसू द्या, मनात काय चाललंय ते विचारू नका. सणासुदीला, मोठ्या प्रसंगांना त्याने सोबत असावं ही अपेक्षा तुम्ही ठेवू शकता. पाहुण्यांचं बघणं, मुलीला तयार करणं, तुमच्या प्रार्थनेच्या वेळी घर शांत ठेवणं, हे तो न मानताही करू शकतो आणि त्याने करायलाच हवं. ‘मी मानतो’ असा अर्थ होईल असे शब्द त्याच्या तोंडून वदवून घेण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. उपस्थिती मागता येते, कबुली मागता येत नाही. आणि त्याच्याकडूनही एक घ्या: तुमच्या श्रद्धेची थट्टा करायची नाही, मुलीसमोर तर नाहीच. अविश्वास त्याच्या हातात नसेल, जीभ आहे.

मुलीला गप्प बसवलंत ते समजू शकते, पण तिचा प्रश्न नेमका होता. नऊ वर्षांच्या मुलीला घरात काहीतरी खोटं चाललंय एवढं कळलंय. काय, ते कळलेलं नाही. तिला सांगा की आई प्रार्थना करते कारण देव आहे असं तिला वाटतं, बाबांना आता तसं वाटत नाही, ते आईसाठी बसत होते. पुढचे प्रश्न बाबांना विचार म्हणावं. ती विचारेल तेव्हा तुम्हीही तिथे असा, पण त्याचं बोलणं मध्ये तोडू नका. तुमच्या पाळीला तोही तोडणार नाही. देव आहे का, असं तिने थेट विचारलं तर दोघांनी आपापलं उत्तर द्या. मुलांना दोन उत्तरं झेपतात. एक उत्तर आणि मागे कुजबुज, हे झेपत नाही.

ती तुमच्यासोबत प्रार्थनेला येते तर येऊ द्या. नवऱ्यालाही त्याबद्दल तक्रार असू नये. मी वर सांगितला तोच १९६६ चा करार मुलांना आपल्या श्रद्धेप्रमाणे धर्माचं शिक्षण देण्याची मोकळीक पालकांना देतो, आणि पालक तुमच्या घरात दोघं आहेत. पुढे १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं स्वतःचं विचार-धर्माचं स्वातंत्र्यही मान्य केलं गेलं, आणि आईवडिलांनी वाट दाखवावी ती मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून, असं म्हटलं गेलं. तेव्हा आज ती येईल, चौदाव्या वर्षी कदाचित येणार नाही, किंवा बाबांनाच ओढून आणू पाहील. ‘मुलगी हातची जाईल’ असं मामा पुन्हा म्हणाले तर तिचा प्रश्न त्यांना सांगा. प्रार्थनेला बसलेल्या माणसांकडे इतक्या बारकाईने पाहणारी ती घरात एकटीच आहे.